सुनेचा निकाल आणि माझी दुरुस्ती

चहा घ्या आधी. आणि गरम आहे तोवरच ऐका, कारण गार चहाबरोबर ही गोष्ट सांगायची माझी हिंमत होत नाही.

तुम्ही मला ओळखता. पूर्णेच्या शाळेत अठ्ठावीस वर्षं मराठी शिकवते. दुसऱ्यांच्या चुका काढते आणि त्याचा पगार घेते. आता अशा बाईच्या हातून चूक होऊन होऊन किती मोठी व्हावी? वेलांटीची? अनुस्वाराची?

अहो, मी माझ्या सुनेची पीएच.डी. बुडवायला निघाले होते! तीसुद्धा प्रेमानं!

सून म्हणजे प्रज्ञा, माझ्या संदेशची बायको. तिच्या प्रबंधाचा विषय ‘अर्धवाहक क्वांटम डॉटमधून बाहेर पडणाऱ्या प्रकाशाची सुसंगती’. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी पोळी लाटत होते. लाटणं थांबलं.

“याचा उपयोग काय गं?”

“कुणाला चोरून ऐकता येणार नाहीत असे निरोप पाठवता येतील, आई.”

“मग आपल्या गल्लीत नाही चालायचं ते.”

ती हसली आणि समजावत बसली. अर्धवाहक म्हणजे आपल्या मोबाइलच्या चिपमध्ये असतो तो पदार्थ. त्याचा इतका बारीक ठिपका की माझ्या पेनानं दिलेल्या एका पूर्णविरामात असे कोट्यवधी मावतील. त्या ठिपक्याला लेझरचा झटका द्यायचा की तो प्रकाशाचा एक कण सोडतो. एकच. पुन्हा झटका, पुन्हा एक. आणि हे सगळं कुठं? उणे दोनशे एकोणसत्तर अंशांवर! आमच्याकडे मे महिन्यात सावलीत चव्वेचाळीस असतं. म्हणून मोजमापं घ्यायला तिला दोन वर्षं दूरच्या एका मोठ्या प्रयोगशाळेत जाऊन राहावं लागलं.

त्याच दोन वर्षांत हे गेले. रेल्वेत गार्ड होते. त्याबद्दल आज जास्त बोलत नाही. पण एक गोष्ट सांगायला हवी. यांच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात, जेवणाच्या पंगतीत, नणंदबाईंनी सगळ्यांदेखत विचारलं, “वहिनी, सुनेचं शिक्षण अजून किती दिवस चालायलंय? घर कुणी बघायचं आता?”

मी म्हणाले, “पूर्ण होईपर्यंत चालेल. घर मी बघते.”

एवढंच बोलले, पण चारचौघांत बोलले. त्या दिवसापासून तिच्या परीक्षेची भीती तिच्यापेक्षा मला जास्त वाटायला लागली. ती नापास झाली असती तर नणंदबाईंना मी काय तोंड दाखवणार होते?

तर गेल्या हिवाळ्यात व्हायवाची, म्हणजे शेवटच्या तोंडी परीक्षेची, तारीख आली. परभणीच्या कॉलेजात, शनिवारी दुपारी एक वाजता. बाहेरून परीक्षक येणार. व्हायवा खुली, म्हणजे कुणीही येऊन बसावं. येणाऱ्यांना वाटायला एक पानभर मराठी सारांश हवा. प्रज्ञा तयारीसाठी चार दिवस परभणीतच मैत्रिणीकडे राहिली होती. तिनं ते पान मला मोबाइलवर पाठवलं. खाली निरोप होता, “आई, भाषा तेवढी बघा. मग सरांना पाठवा आणि पन्नास प्रती काढून आणा.”

भाषा तेवढी बघा. हे शब्द लक्षात ठेवा. मी ठेवले नाहीत.

मी वाचायला बसले. दोन ठिकाणी विभक्ती सुधारली. आणि मग हे वाक्य आलं. ‘एकाच वेळी दोन प्रकाशकण बाहेर पडण्याच्या मोजमापात ०.५ ही मर्यादा मानली जाते. आमच्या ठिपक्यासाठी हे मूल्य ०.०७ आले.’

मी ते वाक्य पुन्हा वाचलं.

मर्यादा अर्धी, म्हणजे शंभरात पन्नासला पास. आणि पोरीला मिळाले किती? सात! शंभरात सात! पाच वर्षं खपून, त्यातली दोन घरदार सोडून, त्या थंडीत राहून, सात?

तुम्ही म्हणाल, फोन करून विचारायचं होतं. नाही विचारलं. कमी मार्क पडलेल्या पोरीला मार्क विचारायचे नाहीत, हा माझा जुना नियम आहे. व्हायवाला दोन दिवस राहिलेत आणि मी तिला विचारू, एवढे कमी कसे गं पडले? मी रात्रभर तळमळले असते तर चाललं असतं, पण मी तळमळले नाही. मला एक वाट सापडली. मनात म्हटलं, एवढी हुशार पोरगी सात मार्क कसे घेईल? घाईत टाइप करताना आकडे इकडचे तिकडे झाले असणार. सात आणि शून्याची अदलाबदल! ०.७० असणार ते. सत्तर टक्के. हां, हे शोभतं आमच्या घराला.

टायपिंगवाल्या दादांकडे गेले.

“मॅडम, आकडाबी बदलायचा का?”

“बदला.”

“सुनबाईला इचारलं का पण?”

“दादा, अठ्ठावीस वर्षं पेपर तपासतेय मी.”

त्यांनी बदलला. मी फाइल प्रज्ञाच्या मार्गदर्शक सरांना पाठवली. त्यांचं उत्तर आलं, “छान. परीक्षकांच्या फाइलला जोडतो.” मी पन्नास प्रती काढून घेतल्या आणि घरी येऊन निवांत जेवले. इतकी निवांत मी दोन वर्षांत जेवले नव्हते.

शनिवारी सकाळची शाळा करून पॅसेंजर धरली. मांडीवर प्रतींची पिशवी. समोर पिंगळीच्या एक मावशी, भाजी विकून रिकाम्या टोपल्या घेऊन निघालेल्या. पिंगळीच्या अलीकडे गाडी थांबली ती थांबलीच. पाच मिनिटं, दहा मिनिटं. मी घड्याळ बघतेय, खिडकीतून बघतेय, पुन्हा घड्याळ बघतेय.

“नका जीव खाली-वर करू बाई,” मावशी म्हणाल्या. “पुढं मालगाडी हाय. ती निघाल्याबिगर आपल्याला सोडत न्हाईत.”

“कधी निघेल?”

“आता ते तिलाच इचारावं लागंल.”

मला यांची आठवण आली. हे ड्यूटीवर जाताना मी दारात उभी राहून रोज विचारायची, आज उशीर होईल का? हे म्हणायचे, “पुढच्या स्टेशनापर्यंतचा सेक्शन मोकळा मिळाला तर नाही. एका सेक्शनात एका वेळी एकच गाडी. दोन आल्या तर मग काय, उशीर न होता कायमचीच सुट्टी.” असली चेष्टा मला आवडायची नाही. मी रागवायची आणि हे डबा घेऊन निघायचे.

एका वेळी एकच गाडी.

एका वेळी एकच कण.

मी पिशवीत हात घातला. एक प्रत काढली. वाचली. ‘एकाच वेळी दोन प्रकाशकण बाहेर पडण्याच्या मोजमापात…’

अहो, दोन एकदम निघणं हा गुण नव्हता, तो अपघात होता! तो आकडा शून्याच्या जितका जवळ तितकं चांगलं! माझ्या सुनेच्या ठिपक्यानं जवळजवळ दर वेळी एकेकच गाडी सोडली होती, आणि मी? गार्डाची बायको! मी तिच्या सेक्शनात सत्तर टक्के टक्कर घडवून आणली होती!

घाम फुटला. प्रज्ञाला फोन लावला, बंद. संदेश सेलूच्या बँकेत आहे, तो तिकडून परस्पर परभणीला येणार होता. त्याला लावला, उचलेना. मार्गदर्शक सरांना लावला. त्यांनी कट केला.

आणि मग डोळ्यांसमोर बातमी उभी राहिली. आमच्या गल्लीत बातमी फिरते ती छापावी लागत नाही. ‘सासूनं सुनेचा निकाल फिरवला.’ कोण म्हणणार होतं की चुकून झालं? सांगा ना, सासूकडून चुकून काही होतं यावर या देशात कुणाचा विश्वास आहे?

“बाई, तब्येत बरी न्हाई का?” मावशींनी पाणी पुढं केलं.

“मावशी, मी सुनेचं वाटोळं केलं.”

त्यांनी माझ्याकडे शांतपणे बघितलं. “तुमाला कळालं तरी. लोकायला कळतबी न्हाई.”

मी लाल पेन काढलं. परीक्षकांच्या फाइलमधली प्रत हाताबाहेर गेली होती, पण निदान पन्नास तरी सुधारू! एकेका प्रतीवर ०.७० खोडून वर ०.०७ लिहीत सुटले. मावशी एकेक पान घेऊन शाई वाळेपर्यंत फुंकर घालत होत्या. सहा-सात प्रती झाल्या आणि माझी नजर खालच्या ओळीवर गेली. ‘दोन प्रकाशकणांच्या भेटीतून मोजलेले मूल्य ०.९१ आले.’

दोन कण! भेट! ०.९१!

म्हणजे इथंही तेच! दोन गाड्यांची भेट, तीही एक्क्याण्णव टक्के! हा मात्र नक्की टायपिंगचा घोळ. माझ्यासारखाच कुणीतरी आकडा उलटा केला होता. मी तोही सरळ केला. ०.१९. पन्नासच्या पन्नास प्रतींवर! शेवटच्या प्रतीला गाडी हलली. मावशी पिंगळीला उतरताना म्हणाल्या, “व्हईल नीट. सून चांगली हाय ना?”

“लय चांगली हाय,” मी म्हणाले. मराठीच्या बाईंची भाषाही सुटली होती.

कॉलेजात पोचले तेव्हा व्हायवा सुरू होऊन अर्धा तास झाला होता. मागच्या दारानं शिरले. संदेश शेवटच्या रांगेत होता, त्याच्याशेजारी बसले.

“आई, किती फोन केलेस! काय झालं?”

“काही नाही. गप बस.”

प्रज्ञा पुढं उभी होती. निळी साडी, हातात लेझरचा दिवा. आवाज स्थिर होता. परीक्षक म्हणजे कपाळाला आठ्या असलेले एक वयस्क गृहस्थ. तोपर्यंतचे सगळे प्रश्न इंग्रजीत चालले होते. माझ्या जिवात जीव आला. म्हटलं, दक्षिणेकडचे दिसतात, मराठी येत नसेल, सारांश वाचलाच नसेल.

तेवढ्यात त्यांनी फाइलमधून ते पान काढलं, चष्मा वर केला आणि स्वच्छ मराठीत म्हणाले, “हा सारांश बघतोय मी. प्रबंधात ०.०७ आहे. इथं ०.७० आहे. ०.७० खरं असेल तर तुमच्या ठिपक्यातून एकेक कण निघतो, हा दावाच उभा राहत नाही. मग पुढचं काय ऐकायचं आम्ही? खरा आकडा कोणता?”

मार्गदर्शक सरांनी रुमाल काढला.

प्रज्ञानं पुढं होऊन ते पान बघितलं. मग मान वर करून थेट मागच्या रांगेकडे. एकदाच. तिला कळलं होतं.

“प्रबंधातला बरोबर आहे, सर. सारांशात चूक झाली. चूक माझी आहे.”

आता मला सांगा, बसवलं असतं तुम्हाला?

मी उभी राहिले. “तिची नाही, सर. माझी आहे.”

“आपण कोण?”

“मी तिची सासू.”

कुणीतरी फिसकन हसलं. माझाच मुलगा.

परीक्षक मात्र हसले नाहीत. “तुम्ही भौतिकशास्त्राच्या?”

“मराठीच्या. मला वाटलं, शंभरात सात म्हणजे नापास.”

“म्हणून सत्तर दिले?”

“हो.”

“उदार आहात.”

“पण मला नंतर चूक कळली सर! गाडीत सगळ्या प्रती दुरुस्त केल्या आहेत मी. बघा!” आणि मी ताठ मानेनं पुढं जाऊन त्यांच्यासमोर एक प्रत ठेवली. एक मार्गदर्शक सरांना, एक प्रज्ञाला. लाल अक्षर कसं मोत्यासारखं!

परीक्षकांनी वाचलं. पहिल्या आकड्याला मान डोलावली. खाली आले. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

“बाई, हा दुसराही तुम्ही बदललात?”

“तोही उलटा पडला होता ना!”

“तो बरोबर होता.”

“दोन कणांची भेट… कमी नको का?”

“तो जितका जास्त तितका चांगला. या मुलीचं पाच वर्षांचं मुख्य काम तो आकडा आहे.” त्यांनी पान उलटून पाहिलं. “सारांशात तिसरा आकडा आहे का एखादा?”

“पान क्रमांक आहे, सर.”

“तो बरोबर आहे?”

“त्याला मी हात लावलेला नाही.”

संदेशनं डोक्याला हात लावला होता. मार्गदर्शक सर माझ्याकडे बघतच नव्हते. आणि प्रज्ञा? ती खाली मान घालून उभी. रडतेय की काय, मला दिसेना.

परीक्षकांनी फाइल मिटली. म्हटलं, संपलं. पंगतीतले ते चार शब्द गिळावे लागणार.

“प्रज्ञाताई,” ते म्हणाले, “तुमचे आकडे मी प्रबंधात तपासलेत. एकच विचारायचं राहिलंय. हे काम तुम्हाला स्वतःला किती कळलंय? यांना समजावून सांगा. मराठीत. मग प्रश्न मी यांना विचारणार, तुम्हाला नाही.”

“आणि मी चुकले तर?” मी विचारलं.

“तर सगळे बसू. माझी परतीची गाडी संध्याकाळी आहे.”

हजारो पोरांच्या तोंडी परीक्षा घेतल्या, पण तोंडीला उभं राहिल्यावर पोटात काय होतं, ते मला तेव्हा कळलं.

“पहिला आकडा राहू द्या,” मी म्हणाले. “तो मला पिंगळीच्या अलीकडे कळला.” आणि सांगितलं, सेक्शनात एका वेळी एकच गाडी, तसा झटक्याला एकच कण. दोन निघाले तर तो अपघात, म्हणून आकडा शून्याजवळ हवा.

“हे कुणी शिकवलं?”

“आमचे मालक गार्ड होते.”

‘होते’ त्यांनी ऐकलं. “पुढं,” हलक्या आवाजात म्हणाले.

प्रज्ञा माझ्याजवळ आली. “आई, एकामागून एक निघालेले दोन कण घ्यायचे आणि अर्धवट आरशावर दोन बाजूंनी एकाच क्षणी आणायचे. अर्धवट म्हणजे अर्धा प्रकाश आरपार जातो, अर्धा परततो. कण हुबेहूब सारखे असले तर दोघं मिळून एकाच बाजूनं बाहेर पडतात. जरासा जरी फरक असला तर कधीकधी एक इकडं आणि एक तिकडं. ते किती सारखे आहेत, त्याचा हा आकडा.”

“पण सारखे कशाला हवेत?”

मागं कुणीतरी कण्हलं. पण मला खरंच कळलं नव्हतं. न कळता मान हलवणाऱ्या पोरींना मी वर्गात उभं करते.

प्रज्ञा न चिडता म्हणाली, “दोन पोरींचे पेपर स्वल्पविरामासकट सारखे आले तर तुम्ही काय म्हणता?”

“कॉपी!”

“आम्हाला कॉपीच पाहिजे, आई. एका कणासारखा दुसरा, दुसऱ्यासारखा तिसरा. तरच त्यांच्यावर पुढचं गणित करता येतं. पूर्ण कॉपी झाली तर एक. आमची ०.९१ झाली.”

“आणि मी ती ०.१९ वर आणली?”

“हो.”

“म्हणजे जन्मभर वर्गात करते तेच केलं.”

सभागृह हसलं. परीक्षकांनी हात वर केला.

“आता प्रश्न. कणांमधला हा सारखेपणा कशानं बिघडतो?”

हे तर तिनं सांगितलंच नव्हतं! मी तिच्याकडे बघितलं. तिनं ओठ घट्ट मिटले होते, सांगायची परवानगी नव्हती. मी विचार केला. उणे दोनशे एकोणसत्तर अंश. एवढं गार कशाला ठेवत असतील? गार म्हणजे शांत. आजूबाजूला कुणी हलायला नको…

“त्या ठिपक्याचं काम नीट चाललेलं असतं, सर,” मी हळूच म्हणाले. “आजूबाजूचं कुणीतरी मध्येच लुडबूड करतं, त्यानं बिघडतं.”

परीक्षक माझ्याकडे बघत राहिले. मग कपाळावरच्या आठ्या एकेक करून सुटल्या.

“माझ्या विद्यार्थ्यांना हे इतकं थोडक्यात सांगता येत नाही,” ते म्हणाले आणि अहवालावर सही केली. “अभिनंदन, डॉक्टर प्रज्ञा.”

टाळ्या वाजत होत्या. मार्गदर्शक सरांनी रुमाल खिशात ठेवला. संदेशनं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. मी मात्र जवळची खुर्ची ओढून बसले.

निघताना परीक्षकांनी मला जवळ बोलावलं. माझ्या लाल दुरुस्तीची प्रत घेतली, समासात दोन ओळी लिहिल्या आणि घडी घालून माझ्या हातात दिली. मला वाटलं, कौतुक असेल. माणूस म्हातारा होतो, पण आशा सुटत नाही.

उघडून बघितलं. ‘दोन्ही आकडे पन्नास वेळा लिहून आणा. खाली पालकांची सही घ्या.’

मी उभ्या उभ्या विचारात पडले. आईवडील केव्हाच गेले. हे गेले. माझे पालक आता कोण?

प्रज्ञानं माझ्या खांद्यावरून वाकून वाचलं, माझ्या हातातलं पेन काढून घेतलं आणि म्हणाली, “लिहायचं काम घरी जाऊन. सही आत्ताच करते.”

तर मंडळी, माझ्या सुनेनं नावाआधी ‘डॉ.’ लावून केलेली पहिली सही माझ्याकडे आहे. सासूच्या नापास पेपरावर, ‘पालक’ या शब्दापुढे.